तीन डिस्का आणि एक साधं कार्ड

केशोरी, ता. अर्जुनी मोरगाव
९ जून २०२४

चि. योगराजले चैतरामकाकाचा आशीर्वाद.

मले विसरला नसशील. गजेंद्रचा बाप. गोंदियाच्या हॉस्टेलात तुम्ही दोघं एका खोलीत होते तेव्हा दर महिन्याले चिवड्याचा डबा पार्सल करून धाडत होतो तोच मी. अडतीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलं, आता तीन वर्षांपासून घरी आहो. फोन करून राहिलो नाही याचं कारण कान. समोरचा बोलला तर ओठ पाहून समजते, फोनमध्ये नुसता भुंगा वाजते. म्हणून पत्र.

गजेंद्रले जाऊन या चौदा तारखेले नऊ महिने होतील. तुझी काकू दुर्पता तशी उठते, बसते, दोन घास खाते. पण मागच्या महिन्यात मोहाच्या झाडाखालून टोरीच्या बिया वेचून आली, टोपली खाली ठेवली आन म्हणाली, "त्याचा आवाज मले आठवून नाही राहिला." चेहरा दिसते म्हणे, चालणं दिसते, पण आवाज येत नाही. तेव्हापासून एकच लावून धरलं आहे, मले एक डाव आयकू द्या. लग्नाची व्हिडिओ लावून पाहिली, त्यात सारा बँडच वाजते. फोनवर त्यानं स्वतःचा आवाज कधी भरला नाही. गावातल्या बायांचे धान रोवण्याचे गाणे मात्र सात वर्षं भरत फिरला.

ते सारे गाणे त्याच्या कम्प्युटरात आहेत, तुले ठाऊकच आहे. गाणं सुरू व्हायच्या आधी तो बाईले काही तरी विचारतच असेल का नाही? तेवढं निघालं तरी पुरे. अर्जुनीचा मेकॅनिक आणला होता. त्यानं खोका उघडला, आत पाहिलं आन हात झटकले. म्हणे डिस्कवालं कंट्रोलर कार्ड जळलं, लाईट परत आली तेव्हा जोरात आली असेल. वरून हे युनिक्सचं मशीन, मी विंडोजवाला, मी हात लावत नाही. तर कोणतं कार्ड घ्यावं ते तू सांग. मी गोंदियाले जाऊन आणतो.

उत्तर जरा मोठ्या अक्षरात लिही. घरी आलेलं पत्र मी दुर्पताले अंगणात बसून मोठ्यानं वाचून दाखवतो, ही आमची लग्नापासूनची रीत आहे. तिले अक्षर येत नाही, पण एक शब्द गाळला तरी समजते.

तुझा,
चैतरामकाका


नागपूर
१७ जून २०२४

ती. काकाजी आणि काकूंना नमस्कार.

पत्र मिळालं. पाकिटावर तुमचं अक्षर पाहिलं आणि बराच वेळ ते फोडलंच नाही. तेरवीला आलो नाही, त्यानंतरही आलो नाही. ऑफिसमध्ये काम होतं असं लिहिणार होतो. ते खोटं आहे, म्हणून काहीच लिहीत नाही.

आधी मशीनबद्दल सांगतो. काकूंनाही समजेल असं लिहितो. गजेंद्रच्या मशीनवर फ्रीबीएसडी नावाची प्रणाली आहे, ती युनिक्सच्या घराण्यातली. त्यात डिस्क तीन आहेत. या तिन्ही थेट मशीनला जोडलेल्या नाहीत, मध्ये ते कार्ड आहे. मशीन कार्डाला सांगतं, हे गाणं ठेव. कार्ड त्या गाण्याचे तुकडे करून तीन डिस्कांत टाकतं. परत मागितलं की तुकडे गोळा करून देतं. आता कार्डच गेल्यामुळे तुकडे आहेत, पण ते जोडणारा नाही.

कार्ड कुठलं घ्यायचं ते ठरवण्याआधी मला दोन गोष्टी कळवा. जुन्या कार्डावर चिकटवलेल्या पट्टीवरचा नंबर. आणि तिन्ही डिस्क आपापल्या जागी आहेत ना, तेवढं पाहा. त्यांना हात लावू नका, क्रम बदलू नका. बाकी ते कार्ड गजेंद्रने कुठून आणलं होतं ते मला नक्की सांगता येणार नाही, जुनंच होतं बहुतेक.

काकूंना सांगा, मी माझ्याकडून सगळं करीन.

तुमचा,
योगराज


केशोरी
२६ जून २०२४

चि. योगराज,

डिस्का जागेवर नाहीत. मी वाटून टाकल्या.

हसू नको. माणूस गेला की तेरवीले त्याच्या वस्तू घरच्यांत वाटतात, ज्याच्या त्याच्या हाती एकेक आठवण देतात. कपडे भाच्याले गेले, सायकल साळ्याले. मग मी म्हटलं, पोराची खरी कमाई तर या गाण्यांत आहे. खोका उघडला, आत तीन डब्या सारख्या दिसल्या. मले वाटलं कॅसेटीसारखं असेल, एकीत थोडे गाणे, दुसरीत थोडे. माणसंही तीनच होते. एक पोरीले, मंजूले दिली, ती सासरी सालेकस्याले घेऊन गेली. एक सुनेले, नीतूले. एक आम्ही ठेवली, धानाच्या ढोल्यात, सुती कपड्यात बांधून, म्हणजे ओल लागणार नाही. जन्मभर टपाल वाटलं, ज्याचं त्याले पोचवलं, तशीच ही वाटणी केली. तू लिहितो की तुकडे केले होते. म्हणजे मी एकच पत्र तीन ठिकाणी फाडून वाटलं.

मंजूची येऊन जाईल. नीतूची नाही येणार. ती तेरवीच्या दुसऱ्या दिवशी माहेरी बिरसीले गेली ते आलीच नाही. मीच घालवली म्हण. त्या दिवशी लाईट गेली होती आन गजेंद्र ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर फ्यूज टाकायले गेला आन तिथंच करंट लागला, हे तुले कोणी सांगितलंच असेल. गावात सारेच टाकतात, पण तो कधी जात नव्हता, भ्यायचा. मी विचारलं, याले कोणी धाडलं? नीतू म्हणाली, मी धाडलं, टाकी भरायची होती, मोटर चालू पाहिजे होती. चार माणसांत मी तिले नको ते बोललो. एका टाकीभर पाण्यासाठी माझा पोरगा जाळला, असं म्हटलं. 

तर दोन डिस्कांवर निभते का ते सांग.

कार्डाचा नंबर मागच्या कागदावर उतरवून दिला आहे. गोंदियाच्या दुकानदारानं हुबेहूब असंच जुनं कार्ड शोधून ठेवलं आहे, घेऊन टाकू का? आन एक गोष्ट. ते कार्ड तूच पाठवलं होतं. मी रिटायर व्हायच्या चार महिने आधी नागपूरचं पार्सल आलं, पाठवणारा योगराज, मीच त्यावर शिक्का मारला आन मीच गजेंद्रच्या हाती दिलं. मग कुठून आणलं ते सांगता येत नाही, असं काऊन लिहिलं गा?

चैतरामकाका


नागपूर
५ जुलै २०२४

ती. काकाजी,

पकडलंत. कार्ड मीच पाठवलं होतं. आमच्या ऑफिसने जुनी मशीन काढली तेव्हा ते कार्ड भंगारात चाललं होतं. मी मागून घेतलं आणि गजेंद्रला दिलं. लिहायला का कचरलो ते आता विचारू नका.

गोंदियाचं कार्ड घेऊ नका. हुबेहूब आहे म्हणूनच नको. त्या जातीचं कार्ड शहाणं असतं. डिस्क लावल्या की ते आपल्या मनाने विचारतं, नवीन मांडणी करू का? एक चुकीचं बटण दाबलं की सगळं पुसलं जातं. शिवाय त्या कार्डाला स्वतःची मेमरी असते. मशीनने दिलेलं ते लगेच डिस्कवर ठेवत नाही, आधी आपल्याजवळ धरून ठेवतं आणि मशीनला सांगतं, ठेवलं म्हणून. काम वेगाने होतं. पण मधेच लाईट गेली तर धरलेलं टिकवायला कार्डावर एक छोटी बॅटरी असते, सगळी भिस्त तिच्यावर.

आपण साधं कार्ड घेऊ. त्याला मेमरी नाही, बॅटरी नाही, डोकं नाही. आलेलं ते तसंच पुढे देतं. तुकडे जोडायचं काम मग युनिक्सच करेल. वेळ लागेल, पण डिस्कवर काही न लिहिता नुसतं वाचता येईल. असं कार्ड मी आजच पार्सलने पाठवतो आहे.

दोन डिस्कांवर निभतं. तिसरी हरवली तरी उरलेल्या दोन्हींवरून तिच्यातलं पुन्हा काढता येतं, मांडणीच तशी आहे. पण त्या दोन धड पाहिजेत. मंजूताईंना विचारा, त्यांची कुणी उघडली वगैरे नाही ना.

आता काकूंना नीट वाचून दाखवा. गाण्यांच्या फायलींत गजेंद्रचा आवाज सापडेल अशी आशा धरू नका. सुरुवातीला त्याने मला काही गाणी ऐकवली होती. मी म्हटलं, मधे मधे तूच बोलतोस, ते कापत जा, गाणं स्वच्छ राहू दे. त्यानंतर त्याने प्रत्येक गाण्यातून स्वतःला कापून टाकलं. अगदी पहिल्या गाण्यांतूनही परत बसून कापलं. न कापलेलं फक्त एकच असू शकतं, शेवटचं. चौदा सप्टेंबरचं.

योगराज


केशोरी
२२ जुलै २०२४

चि. योगराज,

तुझं कार्ड आलं. नवा पोस्टमास्तर स्वतः घरी घेऊन आला. खोका उघडून पाहिलं, हिरवी पाटी, दोन तोंडं, बस. दुर्पताले समजावून सांगितलं, की जुनं कार्ड म्हणजे थैली भरेपर्यंत टपाल दाबून ठेवणारा माणूस, आन हे म्हणजे हातात आलं की निघाला. ती म्हणाली, मग पहिलेच असं काऊन नाही घेतलं? मी म्हटलं, योगराजले विचार.

मंजूची डिस्क गेली. तिच्या नवऱ्यानं मागच्या दिवाळीतच मोबाईलच्या दुकानात नेऊन लावली होती, मेव्हण्याचे गाणे आयकू म्हणून. चांगल्या मनानंच नेली. तिथं कम्प्युटरनं विचारलं, फॉर्मॅट करू का? दुकानवाल्यानं हो म्हटलं. आता त्यात काहीच नाही. मंजू फोनवर रडत होती म्हणे, मले आयकू आलं नाही.

म्हणजे राहिली माझी एक आन नीतूची एक. दुसरी वाट असेल तर सांग. बिरसीले जायचं मले होत नाही. एस.टी. दोनदा पकडली, नवेगावले उतरून परत आलो. जाऊन का म्हणू? तुले हाकललं, आता डब्बी दे?

रोवणा सुरू आहे. बाया धानाच्या बांधीत गाणं म्हणून राहिल्या आहेत, तुझी काकू शेताच्या धुऱ्यावर बसून राहते, रोवत नाही. परवा संध्याकाळी मले म्हणाली, तो दारातून यायचा तेव्हा "माय" म्हणायचा, तसं तुम्ही म्हणून पाहा. मी बाहेर गेलो, चपला काढल्या, आत आलो आन म्हटलं. ती म्हणाली, असं नाही. पुन्हा म्हटलं. चार डाव म्हटलं. मग ती म्हणाली, राहू द्या, आता तुमचाच आवाज कानात बसेल.

एवढं वाचून तरी दुसरी वाट शोध.

चैतरामकाका


नागपूर
३० जुलै २०२४

नीतू वहिनी,

माझं पत्र पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल. तुमच्याकडे गजेंद्रची एक डिस्क आहे. काकूंना त्याचा आवाज ऐकायचा आहे, आणि ते आता फक्त तुमच्या डिस्कमुळेच होऊ शकतं. पण डिस्क मागण्याआधी मला एक सांगायचं आहे. काकाजींच्या पत्रातून मला पहिल्यांदा कळलं की त्याला डीपीवर तुम्ही धाडलं असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. तसं नाही. मला माहीत आहे की तसं नाही.

त्या दिवशी चार वाजून बारा मिनिटांनी मला त्याचा मेसेज आला. "लाईट गेली. मायचं गाणं अर्धं कार्डातच अडकलं. बॅटरी किती वेळ धरेल?" काकू त्याच्यासाठी कधी गात नव्हत्या, लाजायच्या, हे त्याने मला कितीदा सांगितलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्या गायल्या होत्या. मी मीटिंगमध्ये होतो. टेबलाखाली फोन धरून मी उत्तर दिलं, "जास्तीत जास्त दहा मिनिटं. लवकर लाईट लाव."

वहिनी, बॅटरी दहा मिनिटं धरणार नव्हती. दहा सेकंदही नाही. ऑफिसने ते कार्ड काढलं होतं ते बॅटरी मेली म्हणूनच. मला ठाऊक होतं. कार्ड पाठवताना गजेंद्रने फोनवर विचारलं, बॅटरी कशी आहे, तर मी म्हटलं चांगली आहे. तो एवढा खुश झाला होता, मला मेलेली वस्तू देतो आहे म्हणायची लाज वाटली. वाटलं, पुढच्या खेपेला नवीन बॅटरी पाठवू. ती पुढची खेप आलीच नाही. तो मेसेज करत होता तेव्हा काकूंचं गाणं आधीच गेलं होतं. काही वाचवायचं उरलं नव्हतं, आणि मी त्याला म्हटलं, लवकर.

हे सगळं मी आज काकाजींनाही लिहिलं आहे. दोन्ही पाकिटं एकाच पेटीत टाकतो आहे. तुमच्या माथ्यावर आलेलं माझं आहे, ते मला परत घेऊ द्या.

योगराज


बिरसी
५ ऑगस्ट २०२४

योगराजभाऊ,

तुमचा मेसेज मी त्याच दिवशी वाचला होता. हे जाताना फोन तिथेच, मशीनच्या बाजूला ठेवून गेले होते. तुमचं उत्तर आलं तेव्हा ते वाचून धावत निघाले, चप्पलही घातली नाही. फोन मी उचलला. वीस मिनिटांनी लोक सांगायला आले, तेव्हाही तो माझ्याच हातात होता.

मामाजींनी विचारलं, याले कोणी धाडलं? माय तिथेच बसल्या होत्या, जात्याजवळ. मी खरं सांगितलं असतं तर काय सांगितलं असतं? मायचं गाणं वाचवायला गेले, हेच ना. मायचं पहिलं आणि शेवटचं गाणं. विचार करा, त्या बाईचं काय झालं असतं. आम्ही दोघांनी त्यांना पंधरा दिवस मनवलं होतं, एक गाणं म्हणा म्हणून. मी म्हटलं, टाकी भरायची होती. तोंडात जे आलं ते म्हटलं. मामाजी जे बोलले ते मी ऐकून घेतलं, कारण ते बोलत होते तोवर माय माझ्याकडे पाहत होत्या, स्वतःकडे नाही. हे मी दहा महिने सांभाळलं. माझ्या आईलाही बोलले नाही.

आणि तुम्ही ते पाकिटात घालून पोस्टात टाकलं. मामाजींच्या नावाने. तुम्हाला माहीत नाही का की ते प्रत्येक पत्र अंगणात बसून मायला वाचून दाखवतात? भाऊ, तुम्हाला तुमचं ओझं उतरवायचं होतं ते मी समजते. पण ते तुम्ही कोणाच्या दारात उतरवलं, ते पाहिलं नाही.

मी आत्ता निघते आहे. गोंदियाहून अर्जुनीची गाडी मिळाली तर संध्याकाळपर्यंत पोहोचेन. तुमचं पत्र माझ्याआधी पोहोचलं नसेल तर बरं. डिस्क सोबत घेतली आहे. काळ्या पडद्यावर काय टाइप करायचं ते तपशिलात लिहून केशोरीच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवा. ह्यांच्या बाजूला बसून मी बरंच शिकले होते.

नीतू


केशोरी
१ सप्टेंबर २०२४

चि. योगराज,

तुझं तीस तारखेचं पत्र पाच ऑगस्टले दुपारी आलं. दुर्पता अंगणात सूप घेऊन बसली होती. पाकीट पाहूनच म्हणाली, योगराजचं आहे, वाचा. मी चष्मा लावला आन सुरू केलं. "ती. काकाजी आणि काकूंना नमस्कार," इथपर्यंत वाचलं. मग "त्या दिवशी काकू पहिल्यांदा गायल्या होत्या" हे वाचलं. तिनं सूप खाली ठेवलं, नीट बसली. पुढच्या ओळीवर माझी नजर आधी गेली. नजर जिभेच्या पुढं चालते, ही सवय पोस्टातली. तार आली की घरच्यांसमोर वाचायच्या आधी पोस्टमास्तरले समजत होतं, का आहे ते. पण तेव्हा मी वाचत होतो. कोणाचा मुलगा फौजेत गेला, कोणाची पोरगी बाळंतपणात गेली, सारं जसंच्या तसं वाचलं. अडतीस वर्षांत एक शब्द गाळला नाही, आन एक पत्र दाबून ठेवलं नाही.

हे दाबलं. दुर्पता म्हणाली, थांबले काऊन, पुढं का लिहिलं? मी म्हटलं, लिहिलं आहे की त्या गाण्याची फाईल सापडायची आशा आहे, कार्ड जपून लावा, धूळ पुसून घ्या, घाई करू नका. मग तब्येतीले जपा, पाऊस फार आहे, असंही वाचलं. पानभर मनानं रचून वाचलं गा. ती आयकत राहिली. शेवटी म्हणाली, या खेपेले पोरानं लई मायेनं लिहिलं.

दिवस मावळायच्या आधी नीतू आली. फाटकातच उभी राहिली आन माझ्या तोंडाकडं पाहिलं. कान नसले तर माणूस तोंड वाचायले शिकते, तसं तिनं माझं वाचलं. मी मान हलवली, नाही सांगितलं म्हणून. मग तिचा धीर सुटला, फाटकाले धरून रडली. मी तिच्या पायाले हात लावायले गेलो, तिनं लावू दिला नाही. दुर्पता दारात येऊन विचारत होती, कोण आहे, कोण आहे. मी म्हटलं, आपली नीतू आहे, डिस्क घेऊन आली. दुर्पतानं पाणी आणलं. तिनं नीतूले जवळ घेतलं पण माफ केलं आहे अशा हातानं घेतलं, अजून तिले वाटते की टाकीसाठीच धाडलं होतं. नीतू ते तसंच घेते. पाहून माझा जीव तुटते, पण बोलत नाही. चौघांत मी जे बोललो ते चौघांत परत घ्यायची सोय नाही राहिली.

तुझा कागद आठ दिवसांनी आला. साधं कार्ड नीतूनंच बसवलं. माझी डिस्क ढोल्यातून काढली, धानाचा कोंडा झटकला. तू लिहिलं तसं तिनं एकेक ओळ काळ्या पडद्यावर टाइप केली, मी कागदावर बोट ठेवून बसलो. पहिल्या दिवशी नाही झालं, क्रम उलटा लागला होता. दुसऱ्या दिवशी सारी यादी वर आली. तीनशे बेचाळीस गाणे. गेल्या चार वर्षांत मेलेल्या आठ बाया त्यात गाऊन राहिल्या. तू म्हटलं तसंच आहे, गजेंद्र एकातही नाही. नीतू सांगते, प्रत्येक गाणं बाईच्या पहिल्या शब्दापासून सुरू होते, तिच्या शेवटच्या श्वासावर संपते. फार स्वच्छ काम केलं पोरानं.

शेवटची फाईल चौदा सप्टेंबरची. दुर्पता म्हणते ती त्या दिवशी लई वेळ गायली होती, लाईट जायपर्यंत. फाईल सात सेकंदांची आहे. नीतूनं लावली. मले काही आयकू आलं नाही, मी स्पीकरवर बोट ठेवलं तर थोडीशी थरथर लागली. मग नीतूनं कागदावर लिहून दाखवलं, तो का म्हणते ते. "माय, म्हण ना. लाजू नको. मी आयकून राहिलो." बस. गाणं सुरू व्हायच्या आधीच संपते.

दुर्पता स्पीकरजवळ सरकली. मग म्हणाली, हाच. हाच आवाज. आन पुन्हा लाव म्हणाली.

आता रोज संध्याकाळी नीतू ते सात सेकंद लावते. तो म्हणते, मी आयकून राहिलो, आन दुर्पता गाणं म्हणते, त्या दिवशी म्हटलं होतं तेच, पहिल्यापासून शेवटपर्यंत. लाजत नाही. झालं की माझ्याकडं पाहते आन विचारते, आयकला का गा त्यानं? मी हो म्हणतो.

तुले माफ केलं असं मी लिहिणार नाही, आत्ता होत नाही. कधी होईल सांगता येत नाही. तू खोटं बोलला ते लाजेपायी, हे समजते. नागपूर काही लंका नाही, तरी तू आला नाही, तेही आता समजलं. चौदा तारखेले वर्षश्राद्ध आहे. यायचं असेल तर ये, पानावर बसशील. दुर्पता तुले गाणं आयकवीन म्हणते, तिच्यासमोर रडायचं नाही एवढं जमत असेल तरच ये.

आन पुढचं पत्र नीतूच्या नावानं टाक. माझ्या नावाचं आलं की मले ते मोठ्यानं वाचावं लागते.

चैतरामकाका